चादर: अंथरायची, पांघरायची की ठोकायची?

गड्ड्याच्या यात्रेला माझी भाची पुण्याहून सोलापूरला आली होती. रात्री गारठा वाढला तसं मी तिला म्हटलं, "चद्दर घे गं, पहाटे थंडी वाजेल." ती गादीकडे बघत राहिली. "आत्या, चादर घातलेली आहे की." तिच्या लेखी चादर म्हणजे गादीवर अंथरतात ती. माझ्या लेखी अंगावर घेतात ती. खालच्या कापडाला आमच्या घरात 'बेडशीट' म्हणतात. एकाच भाषेत, एकाच कुटुंबात, एका शब्दाचा एक अर्थ माणसाच्या खाली आणि दुसरा वर.

दुसऱ्या दिवशी तिचे प्रश्न वाढले. शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांच्या हौतात्म्याला २०२५ मध्ये ३५० वर्षं झाली. त्यानिमित्त 'हिंद दी चादर' हे शब्द तिनं बातम्यांत वाचले होते. "माणसाला चादर कसं म्हणतात?" आणि लगेच पुढे, "इराणमधल्या बायका चादर घालतात म्हणे. ती हीच का?" मी दिलेली उत्तरं मलाच अपुरी वाटली. तिला जे नीट सांगायचं राहून गेलं ते इथे सांगते.

आधी आपल्या घरातली

सोलापूरची चद्दर जाड सुती असते. तिच्यावरची नक्षी छापलेली नसते, जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली असते. म्हणून चद्दर उलटी केली तरी नक्षी तीच दिसते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. ती पांघरायलाच केलेली असल्यामुळे इथे 'चद्दर' म्हटलं की हात पांघरुणाकडे जातो. मुंबई-पुण्याकडे पातळ कापडाला चादर म्हणायची सवय, म्हणून तिकडे तो शब्द गादीवर पसरला.

चादर आणि चद्दर यांत बरोबर काय आणि चूक काय, असं मला बरेच जण विचारतात. दोन्ही बरोबर आहेत. 'चादर'मध्ये 'चा' लांब आहे आणि 'द' एकच. 'चद्दर'मध्ये 'च' आखूड आहे आणि 'द' जोडलेला. म्हणून बघा, दोन्ही म्हणायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. आपल्याकडच्या भाषांमध्ये ही देवाणघेवाण प्राकृतच्या काळापासून चालत आली आहे. संस्कृत 'हस्त'चं प्राकृतात 'हत्थ' झालं. पंजाबीनं 'हत्थ' तसाच ठेवला, मराठीनं जोड सोडून स्वर लांबवला आणि 'हात' केला. चादर-चद्दर ही तशीच जोडी आहे. पंजाबीतही 'चद्दर' म्हणतातच.

ही चद्दर विणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात मात्र पांघरुणाला 'दुप्पटी' म्हणतात. हा शब्द तेलुगूतला. शहरातल्या कानडी घरांत 'होदिके' ऐकू येतं. त्याचा सरळ अर्थ 'पांघरायचं ते'. 'दुप्पटी' ऐकून मराठी माणसाला काहीतरी आठवायला हवं. तान्ह्या बाळाला गुंडाळतात ते 'दुपटं'. आणि हिंदीतला खांद्यावरचा 'दुपट्टा'. तिन्हींच्या मुळाशी 'दोन पट' आहेत. मागाची रुंदी विणकराच्या हाताच्या पल्ल्याएवढी असायची. मोठं कापड हवं तर दोन पट्टे जोडावे लागत. जोडलेल्या त्या कापडाचं तेलुगूत पांघरूण झालं, हिंदीत ओढणी झाली आणि मराठीत बाळाची गुंडाळी झाली. शब्द एक, माणसं निराळी, म्हणून उपयोग निराळा. चादरीचं नेमकं असंच झालं आहे, फक्त तिचा प्रवास फार लांबचा आहे.

शब्द आला कुठून?

मराठीत 'चादर' फारसीतून आली. शब्दाचं मूळ आणि त्याची वाटचाल शोधण्याला 'व्युत्पत्ती' म्हणतात. हा एकच जड शब्द मी या लेखात वापरणार आहे.

फारसी सोलापूरला दूरची नव्हती. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं तेव्हा त्याची राजधानी गुलबर्ग्याला होती, म्हणजे इथून साधारण शंभर किलोमीटरवर. पुढे विजापूरला आदिलशाही झाली. तेही तेवढंच अंतर. दरबाराचा कागद फारसीत, वसुलीचे शब्द फारसीत, आणि सरदाराच्या तंबूपासून बिछान्यापर्यंतच्या चैनीच्या वस्तूही फारसी नावांनी येणाऱ्या. आपल्या बिछान्यातच पाहा: 'अंथरूण' हे संस्कृत 'आस्तरण'चं रूप, 'पांघरूण' हे 'प्रावरण'चं, आणि त्यांच्या शेजारी 'चादर' फारसी.

"म्हणजे अरबी, मुसलमानी शब्द," असं कुणी पटकन म्हणतं. तसं नाही. अरबी आणि फारसी या वेगळ्या कुळांतल्या भाषा आहेत. फारसी ही मराठी-संस्कृतच्या कुळातली, अरबी नाही. आणि इस्लाम इराणात पोचण्याआधीच्या फारसीत, जिला पहलवी म्हणतात, तिच्यातही 'चादुर' हा शब्द सापडतो. अर्थ तेव्हाही तोच: अंगावर, डोक्यावर घ्यायचं कापड.

फारसीत चादर ठोकतातही

आता गंमत वाटेल असा भाग. आजच्या इराणात दुकानात जाऊन 'चादोर' मागितलं (तिकडचा उच्चार असा), तर दुकानदार विचारेल, "कोणती? अंगावर घ्यायची की सहलीला न्यायची?" कारण फारसीत तंबूलाही हाच शब्द आहे. 'चादोर ज़दन' म्हणजे तंबू ठोकणे. कश्काई, बख्तियारी अशा भटक्या पशुपालकांना 'चादोरनशीन' म्हणतात. 'पर्दानशीन' आपल्याला माहीत आहे: पडद्यात राहणारी. तसे हे चादरीत राहणारे, म्हणजे तंबूत राहणारे. बकरीच्या केसांपासून विणलेल्या त्यांच्या काळ्या तंबूंना 'सियाह-चादोर' म्हणतात. 'सियाह' म्हणजे काळा. आपल्या दौतीतली 'शाई' त्याच घरची.

कापडाची चादर आणि राहायचा तंबू यांना एक नाव कसं? धनगराच्या पाठीवरचं घोंगडं डोळ्यांसमोर आणा. पाऊस आला की तो तेच डोक्यावरून घेतो, रात्री तेच अंथरतो, पहाटे तेच पांघरतो, आणि ऊन कडक असलं तर दोन काठ्यांवर टाकून त्याची सावली करतो. चार कामं, एक कापड. त्याला विचारलं तर तो चारही वेळा 'घोंगडं'च म्हणेल. काठ्यांवर टाकलेल्या घोंगड्याला पुढे कुणी दोऱ्या लावल्या, खुंट्या ठोकल्या, तर नाव बदलायची गरज वाटणार नाही. फारसीत हेच झालं.

आपल्याकडेही याच्यासारखं एक उदाहरण आहे आणि ते सोलापूर जिल्ह्याइतकं कुणाला जवळचं नसेल. 'छावणी'. मुळात हा शब्द 'छादन', म्हणजे झाकणं, आच्छादणं, यावरून आला. आधी छप्पर, मग छपराखालची वस्ती, मग लष्कराचा तळ. २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडे जनावरांसाठी चारा छावण्या उभ्या राहिल्या, तेव्हा हिरव्या जाळ्यांच्या सावलीत बांधलेली गुरं ज्यांनी पाहिली, त्यांनी शब्दाचा मूळ अर्थही पाहिला.

फारसीत आणखी एक जोडशब्द झाला: 'चादर-शब'. 'शब' म्हणजे रात्र. रात्रीची चादर. तुर्कांनी तो उचलला आणि त्याचं 'चारशाफ' केलं. तुर्कस्तानात आज बिछान्यावरच्या चादरीला तेच म्हणतात. तिथून तो ग्रीक, बल्गेरियन, रुमानियन भाषांत गेला. म्हणजे बाल्कन देशांतल्या एखाद्या घरात बाई गादीवरची चादर बदलते, तेव्हा ती जे म्हणते त्यात आपली चादर बसलेली असते, फक्त ओळखू येत नाही.

बल्गेरियातली छत्री

नुसती चादरसुद्धा पश्चिमेला गेलीच. तुर्की भाषेत 'चादिर' म्हणजे फक्त तंबू. रशियनमध्ये तंबूला 'शात्योर' म्हणतात, तोही तुर्की भाषांमधून आलेला. रशियात चर्चच्या उंच, निमुळत्या, तंबूसारख्या शिखरांच्या शैलीला याच शब्दावरून नाव पडलं. मॉस्कोतल्या कोलोमेन्स्कोयेचं १५३२ मधलं चर्च त्याच शैलीचं.

बल्गेरियावर तुर्कांची सत्ता साधारण पाचशे वर्षं होती. तिथे या शब्दाचा अर्थ होतो छत्री. पावसात धरतात ती. का, ते समजायला कठीण नाही. छत्री म्हणजे एका माणसापुरता, हातात धरलेला तंबू.

मग संस्कृत 'छत्र' आणि 'चादर' एकच का?

इथे प्रत्येक मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. छत्र, छत्री, छत्रपती, आच्छादन, अगदी 'छद्म' (झाकलेलं म्हणजे फसवं) हे सगळे संस्कृत 'छद्' म्हणजे झाकणे या धातूचे. चादरही झाकते. आवाजही जुळतो.

इथे सावकाश जायला हवं. फारसीत 'चत्र' असा शब्द आहे, अर्थ राजाच्या डोक्यावरची छत्री. तो संस्कृत 'छत्र'वरून गेला हे बहुतेक अभ्यासक मानतात. 'चादर'बाबत मात्र एकमत नाही. काही अभ्यासक म्हणतात, 'छत्र' मध्य आशियात पोचलं, तिथल्या तुर्की भाषांत त्याचा तंबू झाला आणि चादर त्याच गोतावळ्यातली. दुसरे म्हणतात, चादर हा इराणी भाषांचा स्वतःचा शब्द आहे, छत्राशी त्याचा संबंध नाही.

"आवाज जुळतो, अर्थ जुळतो, मग आणखी काय हवं?" याचं उत्तर सोलापूरच्याच नावात आहे. लहानपणी आपण सगळे शिकलो की सोळा गावं मिळून झालं ते सोलापूर. आवाज जुळतो, अर्थही जुळतो. पण जुने लेख वेगळं सांगतात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या काळात या गावाचं नाव 'सोन्नलगे' होतं. मोहोळ तालुक्यातल्या कामती इथल्या शके १२३८ च्या लेखात 'सोनलिपूर' आहे, आणि किल्ल्यातल्या एका लेखात 'सोनलपूर'. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर नाव उतरत आलेलं दिसतं, आणि त्या पायऱ्यांमध्ये 'सोळा' कुठेच नाही. सोळा गावांची गोष्ट नंतर, नाव ऐकून सुचलेली.

शब्दाचं मूळ ठरवताना हेच बघतात: मधल्या पायऱ्या लिहिलेल्या सापडतात का, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना जो आवाज बदलला तो इतर शब्दांतही तसाच बदलतो का. छत्र ते चादर या वाटेवर अशा काही पायऱ्या गळलेल्या आहेत, म्हणून वाद. मला स्वतःला छत्राची वाट मोहक वाटते. छत्र निघालं, तंबू झालं आणि बल्गेरियात पोचून पुन्हा छत्री झालं, अशी ती गोष्ट होईल. पण मोहक वाटणं हा पुरावा नव्हे.

घरी परत आलेला शब्द हवाच असेल तर 'सतरंजी' घ्या, तिथे पायऱ्या पक्क्या आहेत. संस्कृत 'चतुरंग' म्हणजे सैन्याची चार अंगं आणि त्यावरून पटावरचा खेळ. फारसीत त्याचं 'चत्रंग', अरबीत 'शतरंज'. त्या पटासारख्या चौकटी असलेलं बसायचं कापड ते 'शतरंजी', आणि मराठीत 'सतरंजी'. भजनाला आपण जिच्यावर बसतो ती अशी इराण-अरबस्तान फिरून आलेली आहे.

भारतात शिरल्यावर

आसाममध्ये बायकांच्या पारंपरिक पोशाखाला 'मेखेला-चादर' म्हणतात. मेखेला कमरेखाली, चादर वरच्या अंगावर. बंगालीत चादर म्हणजे पुरुषांच्या खांद्यावरची शालसुद्धा. मोगल बागांमध्ये कोरीव दगडाच्या उतारावरून पाणी पातळ पसरून खाली सोडतात, त्या उतारालाही 'चादर' हेच नाव. लडाखमध्ये झंस्कार नदी हिवाळ्यात गोठते, तिच्यावरून चालत जायच्या वाटेलाही चादर म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांतली 'धुक्याची चादर' याच बहिणींतली.

पंजाबात या शब्दाला वजन आलं. तिथे विधवेच्या पुनर्विवाहाची एक जुनी रीत अशी होती, की दीर तिच्या डोक्यावर चादर टाकतो. टाकली की ती त्याची बायको, तिची जबाबदारी त्याची. म्हणजे चादर घालणं हे आसरा देणं झालं, अब्रू झाकणं झालं. दर्ग्यावर चादर चढवतात त्यातही कापडाच्या आडून आदरच अर्पण होतो. हे लक्षात घेतलं की 'हिंद दी चादर' कळते. दुसऱ्यांना आपला धर्म पाळता यावा म्हणून गुरू तेगबहादूर यांनी १६७५ मध्ये दिल्लीत प्राण दिले. जो स्वतः घाव सोसून दुसऱ्यांना झाकतो, तो चादर. मराठीत आपण अशा माणसाला 'डोक्यावरचं छत्र' म्हणतो. वडील गेले की 'छत्र हरपलं' म्हणतो. भाचीला हे सांगितल्यावर तिनं दुसरं काही विचारलं नाही.

म्हणींमध्ये मात्र प्रत्येकानं आपापला बिछाना घातला आहे. हिंदीत चादर बघून पाय पसरतात, मराठीत अंथरूण पाहून, फारसीत गिलीम पाहून (म्हणजे जमिनीवर घालायचं जाडंभरडं विणलेलं कापड), आणि तुर्कीत रजई पाहून.

इराणच्या बायका 'चादर' घालतात का?

घालतात, पण सगळ्या नाही, आणि ती आपली चादर नव्हे. इराणी चादोर म्हणजे अर्धवर्तुळाकार मोठं कापड. त्याला बाह्या नसतात, बटणं नसतात. डोक्यावरून घेतात आणि पुढून हातानं धरतात. चेहरा उघडा असतो. बाहेर जायची बहुधा काळी, नमाजाची मात्र हलक्या रंगाची, फुलाफुलांची. अफगाणिस्तानात 'चादर' म्हणजे डोक्यावरचा रुमाल आणि 'चादरी' म्हणजे डोळ्यांपुढे जाळी असलेला, पूर्ण अंग झाकणारा पोशाख. बातम्यांत हे तीन-चार शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि गोंधळ तिथे होतो.

इराणमध्ये १९३६ साली रझा शाहच्या सरकारनं बायकांच्या डोक्यावरची चादर काढायला लावली, पोलिसांकरवी ओढून काढली. १९७९ च्या क्रांतीनंतर उलट झालं. १९८३ मध्ये डोकं झाकणं कायद्यानं सक्तीचं झालं. कायदा चादोरच घ्या असं म्हणत नाही, डोक्याला रुमाल आणि सैल कोट चालतो. २०२२ मध्ये डोकं नीट झाकलं नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर जो उद्रेक झाला, तो या सक्तीविरुद्ध होता. एका पिढीत जे ओढून काढलं, तेच दुसऱ्या पिढीत ओढून घातलं. पंजाबात ज्या शब्दाला आसऱ्याचा अर्थ आला, तोच इथे धाकाचा झाला. कापडाचा यात दोष नाही. ते कोण घेतं आणि कोण घ्यायला लावतं, यावर अर्थ ठरला.

"पण खरा अर्थ कोणता?"

सगळ्यात जुना अर्थ तोच खरा, असं धरलं तर मराठीतलं कितीतरी बोलणं खोटं ठरेल. 'छावणी'चा जुना अर्थ छप्पर आहे म्हणून सांगोल्याच्या शेतकऱ्याला कुणी सांगणार नाही की तू चुकीचा शब्द वापरलास. शब्द उसना आहे म्हणून परका, हेही मला पटत नाही. आपण शेजारणीकडून विरजण आणतो; दही आपल्याच दुधाचं लागतं. चादर फारसीतून आली, पण जाड, सुती, दोन्ही अंगांनी नक्षीची, पांघरायची हा अर्थ फारसीत नाही. तो सोलापुरात लागला.

आणि या अर्थाला कायद्याचाही आधार आहे. १९९९ च्या कायद्याखाली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंमध्ये 'सोलापूर चद्दर' आहे. नोंद चादर अशी नाही, चद्दर अशीच. भौगोलिक मानांकन म्हणजे अमुक वस्तूचं नाव अमुक गावाशी बांधलेलं आहे, दुसरीकडे विणून ते नाव लावता येत नाही. म्हणजे 'चद्दर' शब्दावर सोलापूरची मालकी झाली का? नाही. शब्द कुणीही वापरावा. 'सोलापूर' लावून विकायची तर ती इथल्या मागावरची हवी. दुसरीकडची चादर सोलापूरच्या नावानं खपवली जाते तेव्हा बुडते ती इथल्या मागवाल्याची आणि कांड्या भरणाऱ्या बाईची मजुरी.

परत जायच्या आदल्या दिवशी भाचीला घेऊन चाटी गल्लीत गेले. तिला पुण्याला न्यायला एक हवी होती. दुकानदारानं नेहमीचा प्रश्न विचारला, "अंथरायची का पांघरायची?" आणि मागे वळून पोऱ्याला तेलुगूत काहीतरी सांगितलं. त्यातलं 'दुप्पटी' तेवढं तिला कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली, "पांघरायची. चद्दर."